घराणं बघून पिल्लू

पिल्लू आणायचं तर आता घराणं बघूनच आणायचं, असं योगीराजनं जेवताना जाहीर केलं. कुणी काही बोललं नाही. हा त्यानं होकार समजला.

कुणी बोललं नाही, कारण पहिलं पिल्लू गेलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरच्या बाजारात एक माणूस पिशवीतून पिल्लं विकत होता. "अस्सल आल्सेशियन क्रॉस," असं त्यानं स्वतःच्या आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, आणि आईची शपथ घेणाऱ्याकडे कागद मागणं योगीराजला बरं वाटलं नव्हतं. पिल्लाचं नाव ठेवलं बंड्या. बंड्या आठवडाभर सगळ्यांच्या चपला चावत राहिला, मग त्याला रक्ताची हगवण लागली आणि तो गेला. अकरा वर्षांची रूपा रडली नाही. ती वडिलांना एवढंच म्हणाली, "पप्पा, परत आणणार असाल तर मरणारं आणू नका."

त्यानंतर तिनं बोलणं बंद केलं. म्हणजे अगदी बंद नाही. विचारलं तर "व्हय" म्हणायची, नाहीतर "न्हाई" म्हणायची. आधी ती बापाच्या ताटासमोर बसून शाळेचा अख्खा दिवस सांगायची. कोण कोणाच्या शेजारी बसत नाही, कोणत्या बाईंच्या साडीला काय लागलं होतं, सगळं. योगीराज भालकीला तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. दिवसभर त्याच्या टेबलापुढं माणसं पाल्हाळ लावायची आणि तो म्हणायचा, "थोडक्यात सांगा." आता घरात सगळं थोडक्यात चाललं होतं आणि त्याला घास उतरत नव्हता.

तेव्हा कामगिरी अशी होती: न मरणारं पिल्लू आणायचं.

सल्ले

त्या वर्षी लेआउटमधल्या, म्हणजे त्यांच्या वसाहतीतल्या, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला होता, पण रेंज कुणालाच नव्हती. म्हणून माणसं गच्चीवर जाऊन बोलायची, आणि एकाची भानगड दुसऱ्याला आपोआप कळायची. योगीराजनं पुण्याच्या मेव्हण्याला, बालाजीला, गच्चीवरूनच फोन लावला. बालाजी कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, म्हणून त्याला सगळं माहीत असणार असं घरात धरलेलं होतं.

"भावजी, मेन म्हणजे ब्रीडर रिस्पॉन्सिबल पाहिजे."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे जबाबदार."

"कशाला जबाबदार?"

"पिल्लाला. म्हणजे तुम्ही जाऊन बघायचं, आई..."

इथं फोन कटला. आई या शब्दापुढचं वाक्य भालकी ते पुणे यांच्यामधल्या हवेत कुठंतरी राहिलं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी त्यामुळं झाल्या.

तोवर आजूबाजूच्या तीन गच्च्यांना विषय कळला होता. पलीकडचे सिद्धप्पा बियाणे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना लेआउटमध्ये सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी आयुष्यभर हायब्रीड ज्वारी वाटली होती आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते त्याच नजरेनं बघत. "क्रॉस चांगला," ते म्हणाले. "पहिली पिढी जोरदार येते. दुसरी पिढी पेरू नये. दाणा बारीक पडतो." योगीराजनं सांगितलं की पेरायचं नाही, पाळायचं आहे. अप्पा म्हणाले, तेच ते.

अलीकडच्या सुशीलाबाईंचं आणि योगीराजचं मोरीच्या पाण्यावरून वर्षभर बोलणं नव्हतं, म्हणून त्यांनी सल्ला त्याच्या बायकोला, मनीषाला दिला, पण योगीराजला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यांच्या माहेरी जर्सी क्रॉस गाय आणली होती. दूध भरपूर, पण ऊन सोसेना. शेवटी गोठ्यात कूलर लावावा लागला आणि म्हातारे वडील दुपारचे गायीजवळ झोपायला लागले.

खरा तज्ज्ञ मात्र कचेरीतच सापडला. मायाप्पा हा योगीराजच्या शेजारच्या टेबलावर बसे. मायाप्पाच्या आजोबांनी मेंढरं राखली होती. तेव्हा कुत्र्यातलं त्याला कळत असणार, याबद्दल कचेरीत दुमत नव्हतं. मायाप्पाचा जन्म सरकारी क्वार्टरमधला. लहानपणी टपालवाल्याच्या कुत्र्यानं त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता, आणि तेव्हापासून कुत्रं दिसलं की तो रस्ता बदले. पण आजोबांच्या नावाचा प्रश्न होता. तो म्हणाला, "येतो मी. नुसतं लांबून बघितलं तरी सांगतो." त्याच्याकडे जुनी मारुती व्हॅनही होती, त्यामुळं त्याचं ज्ञान आणखी पक्कं ठरलं.

राहिली पद्धत. जबाबदार माणूस कसा ओळखायचा याचा योगीराजला एकच अनुभव होता, तो सोयरिकीचा. भावकीतली बरीच लग्नं त्यानं जमवली होती आणि त्यातली बहुतेक अजून टिकून होती. न कळवता जायचं. आधी गावातल्या हॉटेलात चहा घेऊन चौकशी करायची. किमान दोन स्थळं बघायची. जागेवर होकार द्यायचा नाही, "कळवतो" म्हणायचं. आणि बाप बघायचा. बाप कळला की घर कळलं. पोरीची आई आत असते, ती कशी का असेना, पुढं येत नाही. पण बाप ओट्यावर कसा बसतो, पाहुण्याला पाणी देताना कुणाला हाक मारतो, यावर योगीराज माणसं पारखायचा.

स्वतः, अप्पा आणि मायाप्पा असे तिघं झाले. तीन तिगाडा नको, म्हणून चौथी रूपा. मनीषा म्हणाली, मला कामं आहेत.

स्थळ पहिलं

राजेश्वर या गावी हायवेला लागून, ढाब्याच्या मागं, वीरण्णाचं डॉग फार्म होतं. कमान होती. कमानीवर दोन सिमेंटचे कुत्रे होते, त्यातल्या एकाचं शेपूट ट्रकनं नेलेलं. वीरण्णानं पाहुण्यांना खुर्च्या दिल्या, थंड बाटल्या फोडल्या, आणि मग पडदा सरकवला.

आत सिमेंटच्या कट्ट्यावर, चालू पंख्याखाली, बाप बसला होता.

बाप अंगापेरानं उमदा होता. छाती रुंद, पाठ काळी, उजव्या कानाला एक खाच. त्याच्या मागच्या भिंतीवर चषक मांडलेले आणि काचेच्या चौकटीत वंशावळ. तो पाहुण्यांकडे बघत नव्हता, त्यांच्या पलीकडे हायवेकडे बघत होता, जशी मोठी माणसं बघतात.

"रॉकी," वीरण्णा म्हणाला. "ह्याचा आजा जर्मनीचा."

"काय करायचा आजा?" अप्पांनी विचारलं.

"पोलिसात होता."

"निवृत्त झाला?"

"ड्युटीवर असतानाच गेला."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. सरकारी नोकरी, तीही परदेशात, आणि शेवट असा. त्यांनी खिशातला बिस्किटाचा पुडा काढून रॉकीला एकेक करून सगळा खाऊ घातला. योगीराजनं रॉकीच्या पाठीवर हात ठेवून मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. फोटोत योगीराज ताठ आहे आणि रॉकी हायवेकडे बघतोय.

मायाप्पा व्हॅनमध्येच बसून होता. काच वर करून. "लांबूनच खरं कळतं," तो आतून म्हणाला.

मग टोपलीतून पिल्लं आणली. चार होती, फुगीर, झोपाळू, पावडर लावल्यासारखी. मोठी माणसं बापाचीच तारीफ करत होती. रूपानं टोपलीत वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यांची आई कुठंय?"

"आई शेताला गेलीय," वीरण्णा म्हणाला.

हे कुणालाच खटकलं नाही. आषाढाच्या दिवसांत सगळ्यांच्याच आया शेताला गेलेल्या असतात.

"मग दूध कोण पाजतंय?"

"पावडर हाय पोरी. अमेरिकेची."

अप्पांनी योगीराजकडे अर्थपूर्ण बघितलं. योगीराजची जीभ होकारापर्यंत आली होती. पण नियम म्हणजे नियम. तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "कळवतो."

वीरण्णा जरा गोंधळला. त्याच्याकडून आजवर पिल्लू घेऊन गेलेले होते आणि न घेता गेलेले होते, कळवणारा कुणी आला नव्हता.

स्थळ दुसरं, जे पहिलंच निघालं

पुढच्या रविवारी मंडळी औरादच्या बाजूला, ठाणाकुशनूरला गेली. मन राजेश्वरवर बसलं होतं, पण दुसरं स्थळ बघितल्याशिवाय पहिल्याला होकार दिला तर पहिल्याचं डोकं चढतं.

इथला मालक मिशीवाला होता. पाहुणे नीट बसल्यावर त्यानंही पडदा सरकवला. आत कट्टा होता, पंखा होता, आणि पंख्याखाली बाप होता. छाती रुंद, पाठ काळी.

"टायगर," मिशीवाला म्हणाला.

टायगरनं अप्पांकडे बघितलं. मग तो कट्ट्यावरून उतरला, सरळ अप्पांपाशी आला आणि त्यांच्या उजव्या खिशात नाक घालून उभा राहिला.

त्याच्या उजव्या कानाला खाच होती.

"लई मायाळू हाय," मिशीवाला म्हणाला.

"रॉकी," रूपा हळूच म्हणाली.

कुत्र्यानं तिला पंजा दिला.

"हा तर राजेश्वरचा," अप्पा म्हणाले.

"त्यो जुळा भाऊ ह्याचा. लहानपणी ताटातूट झाली दोघांची."

"आणि बिस्कीट माझ्या उजव्या खिशात असतं हे ह्याला कोण सांगितलं? भाऊ?"

तेवढ्यात मिशीवाल्याचा मोबाइल वाजला. ठाणाकुशनूरला, त्या एका जागी, त्या एका घटकेला, रेंज उत्तम होती. "व्हय वीरण्णा," तो तोंडावर हात धरून म्हणाला, पण मोबाइलवर हळू बोलायची सवय त्या वर्षी अजून कुणालाच लागली नव्हती. "हायेत की पाव्हणे. उद्या सकाळच्या टेम्पोनं पाठवतो त्याला. न्हाई न्हाई, जेवलाय."

परतताना व्हॅनमध्ये जी चर्चा झाली ती ऐकण्यासारखी होती. दोन माणसांनी मिळून आपल्याला फसवलं, असं कुणी म्हणालं नाही. राग आला तो कुत्र्याचा.

"दोन दोन संसार करायलाय," अप्पा म्हणाले. "एवढा मोठा खानदानी."

"आमच्यात असल्या कुत्र्याला वाळीत टाकतेत," मायाप्पा म्हणाला. हे त्यानं त्याच क्षणी रचलं होतं, पण म्हटल्यावर त्यालाही खरं वाटलं.

योगीराजच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तो फोटो होता, आणि तो पुसायचा कसा हे त्याला येत नव्हतं.

मागच्या सीटवरून रूपा म्हणाली, "आई इथं बी न्हवती."

कित्येक दिवसांत तिनं आपणहून बापाला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य होतं. योगीराजनं मागं वळून बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

स्थळ तिसरं

"खटकचिंचोळीला आमच्या बाई हायेत की," मनीषा भाकरी थापताना म्हणाली. "सत्यभामाबाई. मला चौथीला होत्या. त्यांची कुत्री व्यालीय. पारखून देतेत म्हनं, कुणालाबी देत न्हाईत."

"मग आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही अप्पाला इचारलं, मायाप्पाला इचारलं, पुण्याला फोन लावला. मला कुठं इचारलं?"

सत्यभामाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून सेवेत होता. इथं पडदा नव्हता, कमान नव्हती, थंड बाटली नव्हती. चहा आला, तोही "कप धुऊन ठेवा" या सूचनेसकट. गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर एक पिवळसर, लांब तोंडाची, पोट सुटलेली कुत्री आडवी पडली होती आणि पाच पिल्लं तिच्या अंगावर चढून एकमेकांना ढकलत होती.

"ही आई. शेवंती. बसा तिच्याजवळ, काय करत न्हाई."

मायाप्पा व्हॅनमधून म्हणाला, इथूनही चांगली दिसते.

अप्पांनी घसा साफ केला. "आणि बाप?"

"सांगता येत न्हाई."

"म्हणजे बाहेरगावी असतो?"

"म्हणजे ठाऊक न्हाई. गावात एक कारवानी शिकारी कुत्रा हाय. आणि त्या दिवसांत बंगल्यावरचा लॅब्रेडोर साखळी तोडून आला हुता. दोघांतला कुणीतरी. पिल्लांच्या पंजावरून मला लॅब्रेडोर वाटतो, पण मी शपथ घेणार न्हाई."

अप्पांनी कप खाली ठेवला. भरल्या घरात, दिवसाढवळ्या, एक सुशिक्षित बाई पाहुण्यांना सांगत होती की बाप ठाऊक नाही. तेही चहा देताना.

"बाई," योगीराज अडखळत म्हणाला, "पण मग घराणं..."

"घराणं हे काय, पडलंय समोर. हिची आई माझ्याकडंच हुती, म्हातारी होऊन मेली. ही कधी कुणाला चावली न्हाई. वर्षाला सुई टोचते. दोन वर्षांतून एकदाच पिल्लं होऊ देते. आणखी काय पाहिजे? बाप काय सांभाळायला येणार हाय?"

पहिल्यांदाच योगीराज आई असलेल्या पिल्लांसमोर बसला होता. रूपा केव्हाच खाली बसली होती. एक पिल्लू तिच्या फ्रॉकचं टोक तोंडात धरून मागं ओढत होतं आणि शेवंती हे सगळं डोळे अर्धे मिटून बघत होती. योगीराजला वाटलं, झालं, आता "कळवतो" म्हणायचं आणि उद्याच कळवायचं.

पण बाईंनी चष्मा चढवला आणि त्यांनी सुरू केलं.

दिवसभर घरी कोण असतंय? दिवाळीला गावाला जाताव तवा कुत्रं कुठं ठेवताव? अंगणाला कंपाउंड हाय का? गेट लागतंय का नुसतंच हाय? मांजर हाय का शेजारी? शेजाऱ्याशी पटतंय का? रागाला येताव का? लाथ मारताव का? ते म्हातारं झालं, हगलं-मुतलं घरात, तर काय करताव? रस्त्यावर सोडताव का? बदली झाली तर?

योगीराजच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या सोयरिकी त्यानं केल्या, पण नेहमी विचारणाऱ्याच्या बाजूनं. खुर्चीत तोच होता, चहाचा कप तोच होता, पण काहीतरी उलटं झालं होतं. त्याला एकदम भावकीतली ती सगळी माणसं आठवली ज्यांना त्यानं असंच बसवलं होतं.

"आणि ह्याच्या आधी कुत्रं पाळलं हुतं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," योगीराज म्हणाला. "हेच पहिलं."

स्थळाच्या बोलण्यात आधीचा मोडलेला साखरपुडा सांगायचा नसतो. हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही. तो मुलाच्या बाजूच्या रक्तातच असतो, आणि आता मुलाची बाजू योगीराज होता. अप्पांनी त्याला डोळ्यांनी शाबासकी दिली.

रूपानं वर बघितलं.

"हुतं की," ती म्हणाली. "बंड्या."



"कुठाय आता?" बाईंनी तिलाच विचारलं.

"मेला."

"कशानं गं?"

"उलट्या झाल्या. मग रक्ताचं जुलाब. पप्पांनी बाजारातून आणला हुता."

"कधी?"

"शाळा सुरू व्हायच्या आधी."

बाईंनी चष्मा काढला. त्या उठल्या, रूपाच्या फ्रॉकमधून ते पिल्लू हळूच सोडवून घेतलं आणि शेवंतीजवळ ठेवलं. मग म्हणाल्या, "आधी हात धू साबणानं. पाय बी. तुम्ही सगळेच धुवा." आणि योगीराजकडे वळून अगदी शांतपणे, चौथीच्या पोराला हातच्याची वजाबाकी समजवावी तसं, त्यांनी सांगितलं. त्या रोगाचं विष कुत्र्याबरोबर मरत नाही. ते फरशीत राहतं, मातीत राहतं, महिनोन् महिने. आज हे पिल्लू तुमच्या अंगणात नेलं असतं तर आठवड्यात तेही गेलं असतं. "हिनं सांगितलं म्हनून वाचलं," त्या म्हणाल्या.

योगीराज हात धुऊन आला.

"बघू," बाई म्हणाल्या. "सगळ्या सुया टोचून पंधरवडा झाल्याशिवाय मी ह्यातलं एक बी सोडणार न्हाई. तवर तुम्ही घर धुऊन काढा, ब्लीचिंग पावडरनं. बंड्या जिथं बसायचा तिथली माती उकरून टाका. मी येते बघायला. द्यायचं का न्हाई ते मग."

"कधी येणार?"

"कळवून कुणी येतंय का?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

परतीच्या प्रवासात रूपा "व्हय" आणि "न्हाई"सुद्धा म्हणत नव्हती.

नगरपालिकेच्या आरोग्य शाखेत, खिडकीतून

— ब्लीचिंग पावडर पाहिजे होती.

— विहीर कुठली?

— विहीर न्हाई. कुत्र्यासाठी.

— कुत्रं पडलंय विहिरीत?

— न्हाई. कुत्रं मेलंय.

— मेलेलं उचलायचं असंल तर शेजारची खिडकी.

— उचललं. मागंच. आता नवीन आणायचंय.

— नवीन कुत्रं?

— व्हय.

— मग पावडर कामून?

— आता हे बघा, आम्ही उदगीरला गेलतो उन्हाळ्यात, तिथं एक माणूस...

— साहेब, थोडक्यात सांगा.

योगीराज खिडकीपासून बाजूला झाला. मागच्या माणसानं, त्याला फिनाइलची बाटली पाहिजे होती, सांगितलं की ही पावडर किराणा दुकानात मिळते, गुळाच्या ढेपेशेजारी ठेवलेली असते.

स्थळ चौथं

सत्यभामाबाई एका रविवारी दुपारच्या बसनं आल्या, छत्री घेऊन, आणि आधी घरात आल्याच नाहीत. पद्धतीप्रमाणे शेजारी गेल्या.

त्या वेळी योगीराज लुंगी खोचून अंगणात फरशी घासत होता. हे त्याचं दर रविवारचं झालं होतं. पावडर वाऱ्यानं उडून केसांवर, भुवयांवर, छातीवर बसली होती आणि तो हळदीऐवजी पिठानं माखलेल्या नवरदेवासारखा दिसत होता. लिंबाखालची माती त्यानं गुडघाभर उकरून काढली होती. गच्चीवरून अप्पा सूचना देत होते की एवढ्या खोल खड्ड्यात ऊस लावता येईल.

सुशीलाबाईंचा आवाज भिंतीपलीकडून आला. सुशीलाबाईंचा आवाज नेहमीच भिंतीपलीकडून यायचा, पण आज तो चौकशीला उत्तर देत होता. योगीराजचा हात थांबला. दारात आलेली रूपाही थांबली.

"माणूस कसा हाय म्हनून काय इचारायलाव बाई? मोरीचं पानी आमच्याकडं सोडतो."

"कुत्र्याचं इचारायले मी."

"ते तर सांगूच नका. ते पिल्लू आजारी हुतं तवा दोन रात्री आमाला झोप न्हाई. ह्या माणसानं वरांड्यातली लाइट चालू ठेवली रातभर. आमच्या खिडकीत सगळा उजेड. मी उठून बघितलं तर हा त्याला मांडीवर घेऊन बसलेला, चमच्यानं पानी घालायला. परत बघितलं तरी तसाच. घरातली बायका-पोरं आत झोपलेली. सकाळी परत इस्त्रीचे कपडे घालून कचेरीला. सांगायचं तर असतंय का न्हाई शेजाऱ्याला, लाइट बंद करा म्हनून? पन बोलणं न्हाई आमचं."

"खरं सांगायलाव?"

"खोटं कामून सांगू? बिल त्यांचं, झोप आमची."

योगीराजनं ब्रश पुन्हा फरशीवर टेकवला आणि जिथं आधीच तीनदा घासलं होतं तिथं घासायला लागला. रूपाकडे त्यानं बघितलं नाही. ती काही वेळ दारातच होती. मग आत गेली आणि पाण्याची बादली भरून आणून त्याच्या शेजारी ठेवली.

बाई आल्या. गेट उघडून, लावून, परत उघडून बघितलं. खड्ड्यात छत्री घालून खोली मोजली. मनीषानं पोहे दिले ते खाल्ले. मनीषाला, "अजून सात आणि नवाच्या पाढ्यात अडखळतीस का?" असं विचारलं. आणि योगीराजला काहीच न विचारता पाचच्या बसनं निघून गेल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. फोन वाजला की योगीराज गच्चीवर धावायचा. कचेरीत कुणी पाल्हाळ लावलं तर ऐकून घ्यायला लागला, मायाप्पानं विचारलं तब्येत बरी आहे ना. शेवटी फोन आला तो मनीषाला. बाई म्हणाल्या, पोरीला घेऊन या. सोबत जुनं धडुतं आणा. आणि नाही जमलं सांभाळायला तर मलाच परत आणून द्यायचं, दुसऱ्या कुणाला नाही, हे त्यांना सांग.

परत येताना

पिल्लू आता बरंच मोठं झालं होतं. पाय लांब, पंजे त्याहून मोठे. बाईंनी ते योगीराजच्या पुढं केलेल्या हातांना वळसा घालून रूपाकडे दिलं. व्हॅन सुरू झाल्यावर शेवंती कोपऱ्यापर्यंत मागं आली, मग वास घेत परत गेली.

मायाप्पा आज बंद गाडीत कुत्र्याबरोबर होता. आजोबांचं स्मरण करून त्यानं स्टेअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती, आणि तो ज्या वेगानं व्हॅन हाणत होता त्या वेगाला ती व्हॅन नवी असतानाही गेली नसेल.

मागच्या सीटवर रूपा बोलत होती. पिल्लाशी. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात.

"...आणि शिवकन्या माझ्या शेजारी बसत न्हाई आता, ती खिडकीपाशी गेली. मी काय रुसले न्हाई. आमच्या नव्या बाईंना सायन्स येत न्हाई, त्या नुसतं वाचून दाखवतेत. तुला सुशीलाकाकू दिसतील, त्या वरडतेत, पण त्यांना सगळं दिसतंय. आणि हे पुढं बसलेत ना, ते पप्पा. ते कधी कधी खोटं बोलतेत. पण आजारी पडलास तर रातभर बसतेत. कुणाला सांगत न्हाईत. तू पडू नकोस आजारी. आणि परवा काय झालं ऐक, प्रार्थनेला..."

योगीराज सरळ समोर बघत होता. रस्ता वेगानं संपत होता. लेआउटची पाण्याची टाकी लांबवर दिसायला लागली होती.

"मायाप्पा," तो म्हणाला, "हळू चालव."

"कामून? त्याला मळमळायलंय का?" मायाप्पानं मागं न बघता, घाबऱ्या आवाजात विचारलं.

"व्हय," योगीराज म्हणाला. "लई मळमळायलंय."

पिल्लू केव्हाच झोपलं होतं.